कशावरून

आठवड्यातून दोनदा, संध्याकाळच्या तासाला
किसुमूच्या सरोवरावरून सुक्या मासळीचा वास वर्गात येऊन बसतो
आणि एकतीस पोरं वहीत लिहितात :
मानवाच्या उत्पत्तीपासून...
मी पेन्सिलीने खोडतो. तिथे तुम्ही नव्हता, पोरांनो.
मीही नव्हतो.

न्यागिलो ओंडिएक तिसऱ्या बाकावर.
तिचा निबंध एका दमात सगळं सांगून मोकळा :
जलपर्णी माजली म्हणून ओमेना घटली,
ओमेना घटली म्हणून आईचा धंदा बसला,
हे सर्वांनाच ठाऊक आहे.

समासात मी एवढंच लिहिलं : कशावरून?

ती म्हणाली, सर, सरोवराकडे बघा ना.
बघितलं. हिरवंगार होतं, धक्क्यापासून पार लांबच्या होड्यांपर्यंत.
म्हटलं, ते काही बोलत नाहीये.
बायकांना विचार. आईला सगळ्यात शेवटी.

तीन शनिवार ती वाळत घातलेल्या जाळ्यांमध्ये
मांडीवर वही घेऊन बसली.
पहिल्या बाईने हाकललं.
दुसरीने आधी एक गोरोगोरो भरून ओमेना विकत घ्यायला लावली
(पुराव्याला पदरचे पैसे पडतात,
हे माझ्या टिपणांत नव्हतं).
तेवीस जणी. त्यांतल्या सतरा जणींनी
जलपर्णीचं नावसुद्धा काढलं नाही.
म्हणाल्या, पहाटे चारला कोंबडीखाद्याचा ट्रक येतो.
होड्या काठाला लागायच्या आत भाव ठरलेला असतो.
मासळी आहे गं. आमच्या पाटीपर्यंत येत नाही.

आई म्हणाली, हेच सांगत होते दोन वर्षं,
तू अभ्यास करत होतीस.

रडवेली होऊन आली. सर, माझा निबंध मोडला.
मी म्हटलं, आत्ता कुठे सुरू झाला.
(हे वाक्य मी दर वर्षी कुणाला ना कुणाला ऐकवतो.
आवडतं मला ते.)

संदर्भ द्यायला मी पिठावरून शिकवतो :
शेजारणीकडून उसनं आणलंत तर
कुणाकडून, किती, ते सांगा,
आणि उगाली आपली आपण घोटा.
पोरं हसतात. परीक्षेत तेवढंच लक्षात राहतं त्यांच्या.

आणि मग जूनमधला तो मंगळवार.
माझ्याच टिपणांचं नववं पान तिने टेबलावर ठेवलं.
तिथे एक अवतरण आहे, सरोवर आणि माणसाच्या भुकेबद्दल,
फार सुरेख. खाली अहवालाचं नाव, साल, पान एक्केचाळीस.
ती ग्रंथालयाच्या तळघरात जाऊन आली होती,
बाहीला अजून धूळ.
सर, एक्केचाळिसाव्या पानावर नकाशा आहे.
नुसता नकाशा.
मागचं-पुढचं सगळं वाचलं मी.
हे वाक्य कुठेच नाही.

समासात पेन्सिलीने, माझ्याच वळणाचं, बारीक :
कशावरून?

अकरा वर्षं शिकवत होतो ते वाक्य.
मला माझ्या मास्तरांनी दिलं होतं,
त्यांना कुणी दिलं ते विचारायला मास्तर उरले नाहीत.
कधीतरी त्या वाक्याच्या शेवटी एक ‘म्हणे’ असणार.
या हातातून त्या हातात येताना
तेवढंच गळून पडलं.

गुरुवारी फळ्यावर ते वाक्य लिहिलं
आणि सगळ्यांसमोर त्यावर आडवी रेघ मारली.
वर्ग गप्प. कुणीतरी खोकलं.
मागच्या बाकावरच्या ओगुटूने
रेघेसकट उतरवून घेतलं वहीत.
काय सांगायचं त्याला.

न्यागिलोला अडुसष्ट गुण दिले.
समारोप घाईचा झाला होता,
आणि स्वल्पविराम अजून वाट्टेल तिथे पडतात तिचे,
बारीक, चमकते,
जाळ्यातून निसटलेल्या ओमेनासारखे.